सोलापुरात भाड्याचे घर: लाकडी फरशीचा फ्लॅट घ्यावा की शहाबादीचा?

विजापूर रोडला किंवा जुळे सोलापुरात भाड्याने घर पाहताना एजंट ‘वुडन फ्लोरिंग’ असलेला एखादा फ्लॅट आवर्जून दाखवतो आणि तेवढ्यावर भाडेही चढे सांगतो. अशा वेळी ते लाकूड कोणते, हे आधी विचारावे. सागवानाच्या सलग पट्ट्या क्वचितच आढळतात. एंजिनिअर्ड प्रकारात प्लायच्या थरांवर खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा असतो, तर लॅमिनेटमध्ये दाबलेल्या भुशाच्या पाटावर लाकडाच्या रेषांचा छापील कागद आणि त्यावर मेलामाइनचा थर असतो. खोलीत दोन-चार ठिकाणी हुबेहूब तीच गाठ, त्याच रेषा दिसल्या, तर ते लॅमिनेट समजावे. सलग लाकूड घासून पुन्हा पॉलिश करता येते. लॅमिनेटची पट्टी बिघडली की ती बदलावीच लागते, आणि त्याच छटेची पट्टी नंतर मिळेलच असे नाही.

शहाबादी म्हणजे सोलापूर-वाडी रेल्वेमार्गावरच्या शहाबाद भागातला चुनखडीचा दगड. तो दिसायला राकट असतो, तेलाचे डाग धरतो, आणि संडास-बाथरूमसाठी आणलेले ॲसिड सांडले तर त्यावर कायमचा पांढरा चट्टा पडतो. मात्र पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा संध्याकाळी फरशीवर पाणी शिंपडून उघड्या जमिनीवर पाठ टेकण्याचे सुख या दगडावरच मिळते. लाकडी फरशी पायाला फार तापत नाही आणि गारही लागत नाही; त्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, विशेषतः घरात रांगते मूल असेल तर, ती नक्कीच बरी वाटते.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येते त्या दिवशी पिंपे, बादल्या, हंडे भरण्याची धांदल उडते, आणि त्यात पाणी सांडणार हे गृहीत धरावे लागते. त्यातच उन्हाळाभर कूलर चालतो. आम्ही लॅमिनेटच्या घरात राहत असताना मे महिन्यातल्या एका रात्री कूलरची टाकी पाझरत राहिली. सकाळी पाणी पुसून घेतले तेव्हा सारे ठीक दिसले, पण दोन दिवसांनी तीन पट्ट्यांच्या कडा फुगून वर आल्या आणि अनवाणी पायाला टोचू लागल्या. घर सोडताना मालकांनी त्या तीन पट्ट्यांसाठी अख्ख्या खोलीचा खर्च डिपॉझिटमधून वळता केला. शहाबादीवर हेच पाणी खराट्याने मोरीकडे लोटले असते आणि विषय संपला असता.

आवाजाच्या बाबतीतही दगड सरस ठरतो, कारण फोमवर अंथरलेले लॅमिनेट चालताना पोकळ वाजते. शेंगांची चटणी उखळात कुटणाऱ्या घराने तर त्याच्या वाटेला जाऊच नये. व्हिट्रिफाइड टाइल्स हा मधला मार्ग आहे. त्या अर्धा टक्काही पाणी शोषत नाहीत, फक्त ओल्या असताना घसरतात.

तरीही लाकडी फरशीच मनात भरली असेल, तर भाडेकरार नीट करावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, अकरा महिन्यांचा असला तरीही, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. त्यात ‘नेहमीच्या वापराने पडणारे ओरखडे नुकसान मानले जाणार नाहीत’ आणि ‘भरपाई खराब झालेल्या पट्ट्यांपुरतीच असेल’ अशी दोन वाक्ये लिहून घ्यावीत, आणि सामान हलवण्यापूर्वी प्रत्येक खोलीच्या फरशीचे फोटो काढून मालकांना पाठवावेत.

माझ्यापुरते सांगायचे तर, घरात एसी असेल, इमारतीची टाकी पुरेशी मोठी असेल आणि स्वयंपाकघराला टाइल्स असतील, तरच मी लाकडी फरशीचा विचार करीन. तेव्हाही घर पाहायला पाऊस पडून गेल्यावर जाईन, आणि बाल्कनीच्या दारापाशी व बाथरूमच्या उंबऱ्याशी पट्ट्यांच्या सांध्यांवरून अंगठा फिरवून पाहीन. कड बोटाला लागली, तर भाडे विचारण्याचेही कारण उरत नाही.