सहा आठवड्यांचा ऑनलाइन विज्ञान कोर्स केला, बेळगावकडच्या टीचर लोकांसाठी लिहितेय

मी खानापूर तालुक्यात सरकारी मराठी शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते, २१ वर्षं झाली. जुलैमध्ये पुण्याच्या एका संस्थेचा कोर्स केला, नाव लिहीत नाही कारण तक्रार पण आहे. फी १२०० रुपये, आठवड्याला दोन क्लास, संध्याकाळी ७ ते ८.३०.

आधी चांगलं सांगते. दुसऱ्याच आठवड्यात मॅडमनी सांगितलं, घरी पाणी उकळा, थर्मामीटर लावा आणि रीडिंग ग्रुपवर टाका. तापाचा नाही हं, तो ४२ पर्यंतच असतो, लॅबचा लागतो, मी ओळखीच्या हायस्कूलमधून मागून आणला. गॅसवर पातेलं ठेवलं, थर्मामीटर तळाला टेकू नये म्हणून दोऱ्याने उलथन्याला बांधून लोंबकळत सोडला, पाणी खदाखदा उकळतंय आणि पारा ९७ च्या जरासा वर जाऊन थांबला तो हलेचना! मला वाटलं थर्मामीटरच खराब. ग्रुपवर रत्नागिरीच्या एका टीचरचं रीडिंग जवळजवळ १००. तेव्हा मॅडमनी विचारलं, तुमचं गाव समुद्रापासून किती उंच? बेळगाव साधारण ७५० मीटरवर, वर हवेचा दाब कमी म्हणून पाणी लवकर उकळतं, ३०० मीटरला साधारण एक डिग्री धरा, म्हणजे अडीच डिग्री कमी, बरोबर बसलं की! इतकी वर्षं फळ्यावर १०० लिहिलं खरं एकदाही मोजून बघितलं नव्हतं. सोमवारी शाळेत बिसियूटाच्या, म्हणजे पोरांच्या दुपारच्या जेवणाच्या गॅसवर पोरांसमोर केलं तर एक पोरगी लगेच म्हणाली, टीचर, मग चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की जास्त गरम होणार ना? असा प्रश्न माझ्या वर्गात याआधी कधी आला नव्हता.

सर्किटचा भाग पण छान. एकापुढे एक दोन सारखे बल्ब, कुठला जास्त उजळ, आधी उत्तर द्या मग जोडून बघा. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी पहिला सांगितला, मी पण, कारण करंट पहिल्या बल्बमध्ये थोडा संपतो असंच डोक्यात होतं. दोन्ही सारखेच, करंट संपत नाही. पोरांच्या डोक्यात पण नेमकी हीच चूक असते. सामान नसेल तर फेट (PhET) सिम्युलेशन वापरा, म्हणजे स्क्रीनवरच प्रयोग करून बघायचे, अमेरिकेत कोलोरॅडो युनिव्हर्सिटीत नोबेलवाल्या कार्ल वीमन यांनी २००२ ला सुरू केलेलं, फुकट आहे, मराठीत बरीच मिळतात, काही कन्नडमध्ये पण. एकदा डाउनलोड करून ठेवलं की नेट नसताना चालतं, कणकुंबी-जांबोटीकडच्या शाळांना हे फार कामाचं.

आता तक्रार. वेळ बायकांना अवघड, मी कणीक मळून झाकून बसायची, आणि पावसात लाइट गेली की नेट पण गेलं. रेकॉर्डिंग चार-चार दिवसांनी यायचं. त्याहून मनाला लागलं ते वेगळंच. फॉर्ममध्ये जिल्ह्यांची यादी फक्त महाराष्ट्राची, बेळगाव नाहीच, शेवटी कोल्हापूर टाकलं, सर्टिफिकेटवर पण कोल्हापूरच छापून आलं. दोन मेल केल्यावर तीन आठवड्यांनी दुरुस्त झालं. शिकवताना पण सारखं बालभारतीचा अमुक पाठ, तमुक पाठ, खरं आमची पुस्तकं कर्नाटकची, माध्यम तेवढं मराठी. मराठी शाळा इकडे पण आहेत, हे कोर्स करणाऱ्यांनी धरून चालायला पाहिजे.

तरी पैसे वसूल झाले असंच म्हणेन, करा. थर्मामीटर आधीच मागून ठेवा.

आणि खात्याचं ट्रेनिंग, सर्क्युलर सगळं कन्नडमध्ये, म्हणून कोर्स चालू असताना मी एक वही केलीय, उत्कलनांक म्हणजे कुदियुव बिंदू, प्रकाशसंश्लेषण म्हणजे द्युतिसंश्लेषणे, असे शंभरेक शब्द झालेत. खानापूर-निपाणीकडच्या कुणाला पाहिजे असेल तर सांगा, फोटो काढून पाठवते.