हॉस्टेल, खोली की अप-डाऊन? पहिल्या वर्षी अभ्यास अन् मजा दोन्ही कुठं जमते

बारावीचा निकाल लागला, अमरावतीच्या कॉलेजात नंबर लागला की घरात तीन पार्ट्या पडतात. बाबा म्हणतात एसटीनं ये-जा कर, घरचं जेवण भेटन. मामा म्हणते हॉस्टेलले टाका, वळण लागन. अन् ज्याच्यासंगं बारावी काढली तो दोस्त म्हणते, काऊन बे, खोली करू ना दोघं मिळून. तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त तिघंही पैशाचाच हिशोब करतात, वेळेचा कोणी करत नाही. मी जेवढे पोरं पहिल्या वर्षी घसरलेले पाहिले त्यांचं जास्त मजा करून काही बिघडलं नव्हतं, बिघडलं ते मधल्या वेळानं, म्हणजे ज्या वेळात ना पुस्तक उघडलं ना धड मजा केली. खाटेवर पडून रील्स, स्टँडवर गाडीची वाट, आज जेवायचं कुठं यावर तासभर चर्चा. तर कुठं राहिल्यावर हा असा वेळ किती जाते, त्यावरच पाहू.

अप-डाऊन आधी. चांदूर बाजार, नांदगाव खंडेश्वर, परतवाडा इकडून रोज अमरावतीला येणारे लय आहेत. विद्यार्थी पासवर 66.67 टक्के सवलत आहे, म्हणजे दहा दिवसाच्या भाड्यात महिना निघते, स्वस्तात याच्या पुढं कोणी नाही. (मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतला फुकट पास बारावीपर्यंतच आहे, त्यानंतर नेहमीचाच पास काढा लागते, हे बऱ्याच घरी माहीत नसते.) पण गाव फाट्यापासून आत असलं तर सकाळची गाडी पकडायला किती वाजता उठा लागते ते गावातल्या कोणालाही विचार, अन् संध्याकाळी जेव्हा गॅदरिंगची प्रॅक्टिस सुरू होते, कबड्डीची टीम निवडतात, कट्ट्यावर खरी दोस्ती होते, नेमकी तेव्हाच तुझी शेवटची सोयीची गाडी असते. म्हणजे मजा तर गेलीच. अभ्यासाचं म्हणशील तर ऑक्टोबरात सोयाबीन, मग कापसाची वेचणी, घरी दिसलेल्या पोराला घरचे काम सांगणारच, मजूर भेटत नाही त्यांचीही चूक नाही. अन् नेमके तेव्हाच हिवाळी परीक्षेचे दिवस जवळ येत असतात. एकाच गाडीत बसून तासाभराच्या आत पोचत असशील तरच हा पर्याय घे. गाडी बदला लागत असन तर विसर. 2021-22 च्या संपात ज्यांचं सगळं एसटीवर होतं त्यांचे कसे हाल झाले ते गावोगावी पाहिलंच आहे.

खोलीबद्दल मोठ्यांचं मत उगाच वाईट आहे असं मला वाटते, पण पहिल्याच वर्षी खोली नको असंही वाटते. काऊन की खोलीत सगळं आपल्यालाच ठरवा लागते. भाजी कोण आणणार, भांडे कोण घासणार, सिलिंडर संपलं तर काय. डबा लावला तरी डबेवाली मावशी रविवारी संध्याकाळी सुट्टी घेतेच. आणखी एक, कॉलेजच्या जवळ खोली घेतली की ती आपली राहत नाही, ऑफ लेक्चरचं सगळं पब्लिक तिथंच येऊन पडते अन् तुला उठा म्हणता येत नाही. रूममेट पोलीस भरतीवाला असला तर तो चारला ग्राउंडवर जाते, नऊला लाईट बंद कर म्हणते. तेही परवडलं एकवेळ, पण रात्रभर गेम खेळणारा नको. खोलीचे दोन फायदे मात्र हॉस्टेलला नाहीत: आपला कूलर लावता येते (एप्रिल-मेच्या उन्हाळी परीक्षेत 44-45 डिग्रीत वरच्या मजल्यावर बसून पाहा मग कळन), अन् रात्री अभ्यासिकेतून कितीही वाजता परत येता येते.

हॉस्टेल. इथं खरं सांगायचं तर पहिले पंधरा दिवस जीव रमत नाही, वरणाला चव नाही, बाथरूमला लाईन, रात्री दोन वाजेपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या रूममध्ये गप्पा, अन् त्या गप्पांपायी सकाळचं पहिलं लेक्चर बुडते. बुडू दे म्हणशील तर 75 टक्के हजेरीची अट आहे, ती डिसेंबरात आठवून फायदा नाही. पण मधला वेळ इथं सगळ्यात कमी जाते. मेसची वेळ ठरलेली, गेटची ठरलेली, कॉलेज पायी, नोट्स सिनिअरकडून, मॅच खेळायला बावीस जण शोधा लागत नाहीत. मी तर म्हणतो लेक्चर सुटलं की रूमवर जाऊच नको, रूमवर गेला की आडवा झालाच. सरळ लायब्ररीत बस, मेसची घंटा होईपर्यंत जे होईल ते कर, अन् जेवल्यावर मग बिनधास्त गप्पा मार, गिला वडा खायला जा, चिखलदऱ्याचा प्लॅन कर, पुस्तक नावाचं काही आहे हे विसर. दिवसाचं काम झालेलं असलं की मजाही लागते, नाहीतर डोक्यात सबमिशन घेऊनच हसा लागते.

एनएसएसला (राष्ट्रीय सेवा योजनेला) नाव टाकायचं असन तर तेही इथूनच सोपं जाते, वर्षाला 120 तास अन् सात दिवसांचं गावातलं शिबिर. शिबिराची मजा म्हणशील तर गॅदरिंगपेक्षा जास्त.

मुलींसाठी हिशोब थोडा वेगळा आहे अन् तो मला पटत नाही. बऱ्याच ठिकाणी त्यांचं गेट पोरांच्या आधी बंद होते, म्हणजे अभ्यासिकाही गेली अन् नाटकाची प्रॅक्टिसही. ॲडमिशनच्या आधीच गेटची वेळ अन् आतमध्ये रीडिंग रूम आहे का, हे दोन्ही विचारून घ्या. रॅगिंगची भीती असन तर यूजीसीची हेल्पलाईन 1800-180-5522 फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंगच्या विरोधात कायदाच आहे, सिनिअरलाही ते माहीत असते.

पैशावर अडत असन तर एससी, नवबौद्ध मुलांना सरकारी वसतिगृहात नंबर नाही लागला की स्वाधार योजना आहे, वर्षाला नागपुरात 60 हजार, अमरावती-अकोल्यासारख्या महापालिकेच्या शहरात 51 हजार. आदिवासी (एसटी) मुलांना स्वयम, ओबीसी-भटक्यांना सावित्रीबाई फुले आधार, अन् अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या, नोंदणीकृत मजुरांच्या पोरांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. भाऊसाहेबांनी, म्हणजे याच पंजाबरावांनी, अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढून सगळ्या जातींचे पोरं एकत्र ठेवले होते, तेव्हा त्यांचं नाव वसतिगृहाच्या योजनेला शोभते. प्रत्येक योजनेच्या अटी वेगळ्या आहेत, तहसीलचे दाखले आधीच काढून ठेव.

तर माझं मत, पहिलं वर्ष हॉस्टेल. दुसऱ्या वर्षी ज्याच्यासंगं खरंच जमते अशा एकादोघांना घेऊन खोली, तोपर्यंत कोण झोपाळू अन् कोण गेमवाला ते कळलेलं असते. बाबा ऐकत नसतील तर त्यांना एवढंच म्हण की दिवाळीपर्यंत राहू द्या, तेवढ्यात नाही जमलं तर पास काढतो. फक्त हॉस्टेलचा फॉर्म कॉलेजच्या फॉर्मसंगं आपोआप जात नाही, तो वेगळा भरा लागते अन् जागा आधी भरतात, तेव्हा ॲडमिशनच्या दिवशीच ऑफिसात विचारून ये.