फायरवॉलच्या पेटीत कोणती डिस्क? २६ महिने, तीन डिस्क आणि इन्व्हर्टरचं एक बटण

निकाल आधीच सांगून टाकते. घरच्या नेटवर पहारा देणाऱ्या माझ्या फायरवॉलच्या पेटीत सेकंडहँड, १६ जीबीची इंटेल ऑप्टेन एम१० ही छोटी डिस्क गेले १४ महिने चालते आहे आणि तिच्याबद्दल माझी एकही तक्रार नाही. पण तिच्यापर्यंत पोचेस्तोवर एक पेन ड्राइव्ह आणि एक एसएसडी कामी आली, आणि दोन्ही अगदी वेगळ्या कारणांनी. हे लिहायला घेतलं ते त्यामुळेच.

पेटी साधी आहे: एन१०० प्रोसेसर, पंखा नाही, २.५ गिगाबिटचे चार पोर्ट, ८ जीबी रॅम, वर ओपीएनसेन्स ही फायरवॉल प्रणाली. अकोल्यात टीव्हीच्या वरच्या फडताळात ठेवली आहे. मे महिन्यात तिथे हात लावला की चटका बसतो. त्यात वळवाचा पाऊस आला की लाइट जाते, येते, परत जाते.

सुरुवात पेन ड्राइव्हने केली. डोक्यात मोनोवॉल ही जुनी फायरवॉल प्रणाली होती: कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डावरून सगळं रॅममध्ये यायचं आणि कार्डावर लिहिलं जायचं ते फक्त सेटिंग बदलली तर. पीएफसेन्स या तशाच प्रणालीची नॅनोबीएसडी आवृत्तीही त्याच वळणाची होती, ती २०१७ मध्ये २.४ आलं तेव्हा बंद झाली. ओपीएनसेन्सची नॅनो इमेज, म्हणजे डिस्कवर कमी लिहिणारी आवृत्ती, आजही वेगळी मिळते. मी शहाणपणा करून ती घेतली नाही, पेन ड्राइव्हवर पूर्ण इन्स्टॉल केलं. पाच महिने टिकला.

गंमत म्हणजे तो गेला तेव्हा नेट बंद पडलंच नाही. फायरवॉलचे नियम कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, मेमरीत असतात, त्यामुळे डेटाची पाकिटं मजेत इकडून तिकडे जात होती. नवीन मोबाइलला मात्र आयपी मिळेना आणि सेटिंग सेव्ह होईना. पेन ड्राइव्हने स्वतःला ‘फक्त वाचा’ करून घेतलं होतं. मी रीबूट केलं आणि तिथेच खेळ संपला. पेन ड्राइव्हला सहसा स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती, माहितीही नसते, त्यामुळे आधी काही कळायला मार्गच नव्हता.

मग पेटीबरोबर फुकट आलेली १२८ जीबीची एनव्हीएमई एसएसडी लावली. कंपनी कोणती ते सोडून द्या. या वेळी शहाणी झाले होते, दर रविवारी स्मार्ट वाचणारी स्मार्टसीटीएल ही कमांड चालवून आकडे वहीत लिहायचे. ‘डेटा युनिट्स रिटन’ म्हणजे एकूण लिखाण, त्यातलं एक युनिट म्हणजे ५,१२,००० बाइट, तेवढा गुणाकार केला की झालं. उत्तर आलं दिवसाला ३४ जीबी. घरात माणसं चार, रात्री दोन तास सिरियल आणि क्रिकेट. एवढं लिहितंय कोण?

लिहीत होते मीच चालू करून ठेवलेले अहवाल. कोणी किती नेट वापरलं ते टिपणारा नेटफ्लो सतत आपला डेटाबेस चाळवत होता, घुसखोरी हुडकणारं सुरिकाटा प्रत्येक संशयाची नोंद करत होतं, वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारं अनबाउंड अशा प्रत्येक डीएनएस प्रश्नाचा हिशेब ठेवत होतं. वर झेडएफएस ही फाइल सिस्टम दर पाच सेकंदांनी साचलेलं डिस्कवर उतरवतं. चार ओळींचा लॉग असला तरी त्याच्यासोबत मेटाडेटाचे, म्हणजे काय कुठे ठेवलंय त्या नोंदींचे, ठोकळे नव्याने लिहिले जातातच. फ्लॅशच्या आत त्याचं आणखी वाढतं ते वेगळंच.

नेटफ्लो बंद केला, ३४ चे १४ झाले. तो अहवाल मी वर्षात दोनदा पाहिला असेल. लॉग आणि टेम्प फाइल रॅम डिस्कवर, म्हणजे रॅममधल्याच तात्पुरत्या जागेत, टाकले, ९ वर आलं. झेडएफएसचा टायमर, म्हणजे टीएक्सजी टाइमआउट, पाचावरून तीस सेकंदांवर नेला आणि आकडा ४ च्या आसपास स्थिरावला. याची किंमत एवढीच की रीबूट केलं की लॉग जातात, आणि लाइट गेली तर शेवटच्या अर्ध्या मिनिटातलं लिखाण जाऊ शकतं. घरच्या फायरवॉलला ते चालतं. ज्यांना लॉग हवेत त्यांनी ते सिसलॉगने दुसऱ्या मशीनवर पाठवावेत. मी जुन्या लॅपटॉपवर पाठवते, त्यात फिरणारी हार्ड डिस्क आहे. एसडी कार्डवरच्या रास्पबेरी पायवर पाठवलेत तर दुखणं शेजारच्या घरी नेऊन सोडलंत एवढंच.

तरीही ती एसएसडी सातव्या महिन्यात गेलीच, आणि माझा सगळा अंदाज चुकला तो इथे. झीज १४ टक्केच दाखवत होती. मी वर्षभर घाबरत होते झिजेला, आणि ती मेली लाइट जाण्याने. एका संध्याकाळी वादळात तीनदा लाइट गेली, त्यानंतर झेडएफएसचा पूल, म्हणजे डिस्कवरची सगळी साठवण, उघडेना. झेडएफएसचा सगळा भरवसा एका गोष्टीवर असतो: डिस्क ‘लिहिलं’ म्हणाली म्हणजे ते खरंच लिहिलेलं असावं. स्वस्तातल्या काही डिस्क हो म्हणतात आणि मजकूर अजून वाटेतच असतो. माझ्या वहीतला शेवटचा ‘अनसेफ शटडाउन्स’चा, म्हणजे डिस्क अचानक बंद पडल्याच्या वेळांचा, आकडा ४१ होता. वही रोज समोर होती, पण त्या ओळीकडे मी कधी पाहिलंच नाही.

यूएफएस या जुन्या फाइल सिस्टमवर परत जायचा मोह झाला होता. पण लाइट गेल्यावर एफएससीके ही डिस्कची तपासणी अडकून सिंगल यूजर मोडच्या प्रॉम्प्टवर बसलेली पेटी आणि घरात ‘नेट कधी येणार?’ हे दोन्ही एकदा भोगलेलं आहे.

ऑप्टेन का, तर ती नेहमीच्या एसएसडीतली नँड फ्लॅश नाहीच. तिच्यातल्या थ्रीडी एक्सपॉइंट तंत्रात आधी मोठा ब्लॉक पुसा आणि मग लिहा हा प्रकार नाही, आणि एम१० मध्ये मजकूर साठवून ठेवायला डीरॅम कॅशही नाही. १६ जीबीच्या एम१० वर १८२.५ टीबी लिखाणाची हमी आहे. जागा प्रत्यक्षात साडेतेरा जीबीच्या आसपास मिळते. स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली तर लागणारी जागा, घेतला नाही, तरी निम्म्याहून जास्त रिकामी आहे. एन१०० च्या स्लॉटला डेटाची एकच लेन असली तरी बिघडत नाही, फायरवॉलला डिस्कचा वेग लागतो तो बूट होताना. इंटेलने जुलै २०२२ मध्येच ऑप्टेन गुंडाळायचं जाहीर केलं, त्यामुळे आता जुनीच शोधायची. घेताना विकणाऱ्याकडून स्मार्टचा फोटो मागा. ऑप्टेन नाही मिळाली तर सर्व्हरमधून काढलेली, लाइट गेली तरी लिखाण पुरं करणारे कपॅसिटर असलेली साटा एसएसडी घ्या, इंटेलची एस३५०० वगैरे. काही पेट्यांत असते ती ईएमएमसी फ्लॅश बोर्डावर डकवलेली असते, गेली की बदलता येत नाही, म्हणून त्या वाटेला जाऊ नका.

आणि कॉन्फिग डॉट एक्सएमएल ही सगळ्या सेटिंगची एकच फाइल दुसरीकडे जपून ठेवा. इन्स्टॉलर ती मागतो, दिली की नव्या डिस्कवर वीस मिनिटांत जुनं घर परत उभं राहतं.

१४ महिन्यांनंतरचे आकडे: लिखाण १.७ टीबी, झीज शून्य टक्के, अनसेफ शटडाउन्स ६३.

हा ६३ बरेच दिवस तिथेच थांबला आहे. दिवाळीच्या साफसफाईत इन्व्हर्टर भिंतीपासून ओढला तेव्हा मागे एक बटण दिसलं, एका बाजूला ‘नॉर्मल’, दुसऱ्या बाजूला ‘यूपीएस’. आमचं पहिल्या दिवसापासून ‘नॉर्मल’वर होतं. त्यात लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला जो क्षण जास्त लागतो, तेवढ्यात पंखे आणि दिवे तग धरायचे, पेटी मात्र बंद पडायची. बटण फिरवलं. त्यानंतर लाइट कितीदा गेली ते मला टीव्हीवरून कळतं, स्मार्टमधून नाही.