दापोलीकडच्या बागवाल्यांची सर्व्हिस, कागद खाली टाकला की नवीन अंगण

दापोलीजवळ आमचं घर आहे, पुढे उतार आणि खाली समुद्र, पण मधे एवढं रान माजलेलं की समुद्र नुसता ऐकू यायचा. इथल्याच एका नर्सरीवाल्या दादांना बोलावलं. त्यांनी आधी ओटीवरून फोटो काढला, प्रिंटवर ट्रेसिंग पेपर चिकटवला आणि त्यावर पेन्सिलीने नवीन बाग काढली, कागद उचलला की आत्ताचं अंगण, खाली टाकला की होणारं! आई तर चारदा उचलून बघत होती.

ही आयडिया हम्फ्री रेप्टन या इंग्लिश माणसाची, असं दादांनीच सांगितलं. कापडाच्या धंद्यात जम बसला नाही म्हणून 1788 मधे, वयाच्या 36व्या वर्षी तो या कामात पडला, आणि गिऱ्हाईकाला लाल चामड्याच्या बाइंडिंगचं पुस्तक करून द्यायचा, त्यात जागेची वॉटरकलर चित्रं आणि त्यावर उचलायची झडप. 1811 मधे गाडीचा अपघात होऊन मणक्याला मार लागला तरी काम सोडलं नाही, हे ऐकून मला खरंच भरून आलं.

काम झकास झालंय. एकही रातांबा तोडला नाही, फक्त झुडपं काढून मधे वाट मोकळी केली, जांभ्याचा गडगा तसाच ठेवला. एकच तक्रार, ऐन पावसात माणसं आठवडाभर आली नाहीत आणि सुरंगीची दोन रोपं कुजली, ती बदलून मात्र दिली. आता ओटीवर बसलं की थेट पाणी दिसतं.