सहा खळग्यांचा डोनट ट्रे: कणकेच्या डोनटांसाठी कितपत उपयोगी?

घरात डोनटची मागणी दर आठवड्याला होऊ लागली, तेव्हा तळण आणि मैदा दोन्ही टाळता येतील का, हे पाहण्यासाठी मी सहा खळग्यांचा नॉनस्टिक पत्र्याचा ट्रे सुमारे साडेचारशे रुपयांना घेतला आणि तुलनेसाठी तितक्याच खळग्यांचा सिलिकॉनचा साचाही मागवला. चार महिने दोन्ही आलटून पालटून वापरल्यावर हे लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. या ट्रेमध्ये जे तयार होते तो दुकानातल्या यीस्टच्या डोनटचा भाऊबंद नाही. तो कड्याच्या आकाराचा केक आहे. यीस्ट घालून फुगवलेल्या कणकेला ट्रेची गरजच नसते. ती लाटून पेल्याने गोल कापावी, बाटलीच्या झाकणाने मधले भोक पाडावे आणि साध्या सपाट ट्रेवर ठेवून भाजावी. मात्र तळणीवाचून भाजलेला तो प्रकार चवीला गोड बनपावाकडे झुकतो. शिवाय संपूर्ण गव्हाच्या पिठातला कोंडा ग्लुटेनच्या, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनाच्या, जाळ्याला छेद देत असल्यामुळे, निम्मा मैदा घेतल्याशिवाय तो पुरेसा हलका होत नाही. त्यामुळे पूर्ण कणकेचे डोनट हवे असतील, तर ओतता येणारे पीठ आणि खळग्यांचा ट्रे हाच सोयीचा मार्ग आहे.

अनेक प्रयोगांनंतर स्थिरावलेले माझे प्रमाण सहा डोनटांसाठी असे आहे: 120 ग्रॅम कणीक, तेवढेच दही, 80 ग्रॅम चिरलेला गूळ, 60 मिलिलिटर कोमट पाणी, दोन मोठे चमचे तेल, एक लहान चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ आणि वेलची-जायफळाची पूड. गूळ दुधात विरघळवण्याचा मोह टाळावा, कारण गरम दूध गुळाने फाटू शकते; पाण्यात विरघळवून गाळून घेतला की खडेही निघून जातात. दही, गूळपाणी, तेल आणि कणीक एकत्र करून वीस मिनिटे झाकून ठेवणे ही या साऱ्या कृतीतली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. तेवढ्या वेळात कोंडा पाणी शोषून मऊ होतो आणि भाजलेला डोनट खाताना जिभेला खरखरीत लागत नाही. सोडा आणि बेकिंग पावडर त्यानंतरच घालावी, नाहीतर दह्याच्या आंबटपणाशी होणारी सोड्याची क्रिया ट्रे ओव्हनमध्ये जाण्याआधीच ओसरते.

पीठ चमच्याने घालायला गेल्यास मधला सुळका माखतो. प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून मेंदीच्या कोनासारखे पिळत भरले की काम स्वच्छ होते. खळगा दोन तृतीयांशच भरावा. पहिल्या खेपेस मी काठोकाठ भरला आणि भोके बुजून सहा गुबगुबीत पॅटिस बाहेर आले.

भाजण्याच्या बाबतीत पत्र्याचा ट्रे निर्विवाद सरस आहे. पत्रा उष्णता झटकन पोहोचवतो, त्यामुळे 170 अंशांवर बारा ते चौदा मिनिटांत बाहेरची बाजू खमंग तांबूस होते. सिलिकॉन उष्णतेचा मंद वाहक असल्याने त्यातले डोनट फिकट आणि कडेला किंचित ओलसर राहतात. तो साचा लवचीक असल्यामुळे खाली दुसरा सपाट ट्रे ठेवल्याशिवाय उचलताही येत नाही. मात्र डोनट सोडवणे त्यात फार सोपे जाते. लहान ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) असणाऱ्यांनी ट्रेची बाहेरची लांबी-रुंदी मोजूनच खरेदी करावी. माझा ट्रे आत तिरका सरकवावा लागतो आणि खालच्या कॉइलजवळच्या दोन डोनटांचे बूड आधी काळवंडते. मधल्या कप्प्यात ठेवून ट्रे अर्ध्यावर फिरवला की हा दोष बराच कमी होतो.

तक्रार आहे ती काठाची. दुमडलेल्या कडेत धुतल्यानंतर पाणी साचून राहते आणि दुसऱ्याच महिन्यात तिथे गंज दिसू लागला. आता धुतल्यावर मी तो पुसून गरम ओव्हनमध्ये पाच मिनिटे वाळवून ठेवतो. विक्रेत्याने वर्णनात याविषयी सावध करायला हवे होते. डोनट सोडवायला सुरी मुळीच लावू नये. तेलाचा हात आधी सुळक्यालाही लावला असेल, तर पाच मिनिटे निवल्यावर ट्रे उपडा करताच ते सुटतात.

आता आरोग्याचा हिशेब. तळणीत डोनटने किती तेल प्यायले हे कढईलाच ठाऊक; इथे दोन चमचे तेल सहा जणांत वाटले जाते, म्हणजे प्रत्येकी साधारण साडेचार ग्रॅम, सुमारे 40 कॅलरी. खरा लाभ हा आहे. गुळाबद्दल मात्र फार भाबडेपणा नको. प्रत्येक डोनटमध्ये सुमारे 13 ग्रॅम गूळ जातो आणि उष्मांकात तो साखरेच्या जवळपासच असतो. वरून चॉकलेट किंवा पिठीसाखरेचा थर दिला, तर केलेली बचत तिथेच संपते. मी भाजलेल्या तिळाचा कूट लावतो आणि तो गुळाशी छान जमतो.

हे डोनट त्याच दिवशी उत्तम लागतात, दुसऱ्या दिवशी कोरडे पडतात. ज्यांच्याकडे ओव्हन नाही, त्यांनी ट्रेच्या मागे लागू नये. हेच पीठ आप्पेपात्रात घालून मंद आचेवर झाकण ठेवून केले, तर भोक तेवढे नसते, बाकी चव तीच येते.