पूर्ण कवळीवर जेवताना: जवळजवळ वर्षभराच्या वापरानंतर

वर आणि खाली, दोन्ही पूर्ण कवळ्या. साध्या ॲक्रिलिकच्या, काढता-घालता येणाऱ्या. दिसायला छान आहेत. सुरुवातीला 'स', 'श' घसरायचे, पण मोठ्याने वाचत राहिल्यावर काही आठवड्यांत जागेवर आले. दिसण्या-बोलण्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही. कवळीची खरी परीक्षा जेवताना होते, म्हणून पुढचं सगळं खाण्याबद्दल.

आधी जोराचा हिशेब. पूर्ण कवळीने चावण्याचा जोर स्वतःच्या दातांच्या साधारण पाव भागाइतका असतो, बऱ्याच जणांना तेवढाही मिळत नाही. खरे दात हाडात रुतलेले असतात, कवळी हिरडीवर नुसती टेकलेली असते. जोर लावला की तो हिरडीला सोसावा लागतो आणि ती लगेच तक्रार करते. त्यामुळे जेवायला वेळ लागतो. इतरांचे हात धुऊन होतात तेव्हा माझं निम्मं ताट बाकी असतं. याची सवय स्वतःपेक्षा सोबत जेवणाऱ्यांना लावावी लागते.

कवळी बसवल्यावर भेटेल तो "मऊ खा" म्हणतो. पहिल्या काही दिवसांपुरतं ते ठीक आहे. हिरड्या हुळहुळ्या असतात आणि तोंडाला काहीतरी परकं आल्यासारखं वाटून लाळही जास्त सुटते. त्यानंतर मात्र हा सल्ला मला निरुपयोगी वाटला. ताजा पांढरा पाव मऊच की, पण चावता चावता त्याचा गोळा होतो, तो टाळूला चिकटतो आणि वरची कवळी खाली ओढतो. उलट सफरचंद कडक, तरी साल काढून पातळ फोडी केल्या तर दाढेखाली सरळ मोडतं. कोवळी कच्ची पालेभाजीची पानं कुणी कडक म्हणणार नाही, पण ती दातांमधून नुसती सरकतात, तुटत नाहीत. तीच शिजवून बारीक चिरली की काही अडत नाही.

म्हणून मऊ की कडक हे बघणं मी सोडलं. दाबल्यावर पदार्थ मोडतो की ताणला जातो, एवढंच बघतो. मोडणारा असेल तर तुकडा लहान करायचा आणि बिनधास्त खायचा. ताणला जाणारा, म्हणजे टॉफी, च्युइंगम, चिवट मांस, चिकट सुकामेवा, हे त्रासाचंच. मांस मंद आचेवर खूप वेळ शिजवलं किंवा तंतूंच्या आडवं कापलं तर खाता येतं. टॉफीला मात्र उपाय सापडला नाही.

हे एवढं ताणून सांगतोय कारण नुसतं मऊ खात राहिलं की ताटात भात, पाव, गोड आणि पातळ पदार्थ उरतात. फळं, भाज्या, शेंगदाणे-बदाम गुपचूप गायब होतात. चोथा कमी झाला की पोट बोलायला लागतं आणि प्रथिनंही कमी पडतात. गाजर किसून किंवा वाफवून, दाणे कुटून किंवा त्यांचं लोणी करून, अंडी, मासे, शिजवून घोटलेल्या डाळी असं सगळं चालतं. पदार्थ टाकून देण्याआधी त्याचं रूप बदलून बघावं.

चावण्याची पद्धत नव्याने शिकावी लागते आणि तिला क्रम आहे. आधी गिळणं जमतं, मग चावणं, आणि तोडणं सगळ्यात शेवटी. समोरच्या दातांनी तोडायला गेलं की कवळी पुढून दाबली जाते आणि मागून सुटते. वरच्या कवळीची पकड टाळूशी असलेल्या लाळेच्या पातळ थरावर आणि कडांच्या बंदिस्तपणावर असते. मागच्या कडेतून हवा शिरली की संपलंच. तोडायचंच झालं तर सुळ्यांच्या बाजूने, ओठाच्या कोपऱ्यातून. पण त्यापेक्षा सुरी बरी, आणि लोकांसमोर सुरीने फळ कापून खाण्यात लाजण्यासारखं काही नाही. घास छोटा घ्यायचा, अर्धा उजवीकडे आणि अर्धा डावीकडे ठेवायचा आणि जबडा वर-खाली चालवायचा. सगळा घास एका बाजूला घेतला तर दुसरी बाजू उचलली जाते, होडीत सगळे एकाच काठाला बसल्यासारखं.

उष्णतेबद्दल कुणी पुरेसं सांगत नाही. ॲक्रिलिकमधून उष्णता नीट जात नाही आणि वरच्या कवळीने टाळू झाकलेला असतो. पेय किती गरम आहे ते घशाला लागल्यावरच कळतं. आधी ओठाला लावून बघायचं. माशाचा काटाही याच कारणाने टाळूला जाणवत नाही, म्हणून काटे ताटातच नीट काढून घ्यायचे. चव गेली असं सुरुवातीला वाटतं. खरं तर चव घेणारी जीभ मोकळीच असते. कमी होतो तो टाळूला होणारा पदार्थाचा स्पर्श. महिन्या-दोन महिन्यांत चव परत आल्यासारखी वाटली.

सगळ्यात जास्त छळतात ते बारीक दाणे. तीळ, अंजीर, स्ट्रॉबेरी, टोमॅटोच्या बिया, पॉपकॉर्नची टरफलं. एक बी खालच्या कवळीखाली गेली तरी पुढचा प्रत्येक घास टोचतो. अशा वेळी उठून कवळी काढायची, चूळ भरायची आणि परत घालायची. सहन करत जेवलं तर हिरडीला घाव पडतो आणि मग काही दिवस काहीच चावता येत नाही.

चिकटवायची पेस्ट बाहेर जेवायला जाताना वापरतो. अगदी थोडी, स्वच्छ आणि कोरड्या कवळीवर. कडेने बाहेर आली तर ती जास्त झाली असं समजायचं. रोज जास्तच लागायला लागली, तर कवळीचा बसाव बिघडला आहे. जस्त असलेली पेस्ट वर्षानुवर्षं भरमसाट वापरल्याने शरीरातलं तांबं कमी होऊन नसांना इजा झाल्याची उदाहरणं आहेत, म्हणून मी बिनजस्ताची घेतो. तोंड कोरडं पडत असेल तर पकड आणखी ढिली होते. ॲलर्जीच्या आणि रक्तदाबाच्या काही औषधांनी तसं होतं, तेव्हा जेवताना पाण्याचे घोट घेत राहायचं.

स्वच्छतेचं थोडक्यात: प्रत्येक जेवणानंतर धुणं, मऊ ब्रश, साधा साबण. दातांच्या पेस्टने ॲक्रिलिकवर ओरखडे पडतात, उकळत्या पाण्याने आकार बिघडतो. रात्री काढून पाण्यात.

आता खालची कवळी. वरचीला मी दहापैकी आठ देईन, खालचीला पाच. तिला टाळूचा आधार नाही आणि जीभ तिला सतत ढकलत असते. त्यात दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं. पहिल्या वर्षात सर्वांत वेगाने, आणि खालचं वरच्यापेक्षा बरंच जास्त. त्यामुळे सुरुवातीला घट्ट असलेली कवळी आता जेवताना हलते. डेंटिस्टने आतून नवा थर देऊन, म्हणजे रीलाइन करून, ती बसती करायची ठरवली आहे. घरी घासून आकार बदलायच्या फंदात पडू नये. टोचत असेल तर दाखवायला जाण्याआधी दिवसभर कवळी घालून ठेवावी, म्हणजे हिरडीवरची खूण डॉक्टरांना दिसते आणि नेमकं तेवढंच घासता येतं.

रीलाइननंतरही खालची हललीच, तर दोन इम्प्लांटवर, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या स्क्रूंवर, अडकवायच्या कवळीचा विचार आहे. २००२ साली माँट्रियलला मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी, खालचे सगळे दात गेलेल्यांसाठी तोच पहिला पर्याय असावा असं म्हटलं होतं. शस्त्रक्रिया आहे आणि खर्चही आहे, म्हणून आधी रीलाइन करून बघतो.