‘ताशी २००० लिटर’ एवढ्यावर विसंबून दह्याचा पंप घेऊ नका

सांगली जिल्ह्यात आमची छोटी डेअरी आहे. मी आणि माझी जाऊ मिळून ती चालवतो. हॉटेलं आणि मेसना लागणारं पाउचचं दही हा आमचा मुख्य माल. या दह्यासाठी घेतलेल्या पंपात आमचे सव्वा लाख रुपये गेले. तो विक्रेता अजूनही नव्याने सुरू होणाऱ्या डेअऱ्या शोधत फिरतोय, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आम्ही दूध ९० अंशांपर्यंत तापवतो, ४२-४३ अंशांवर विरजण लावतो. पीएच (आंबटपणाचं माप) ४.६ च्या आसपास आला की टाकीतलं दही हळूहळू मोडून गार करतो आणि पाउच मशीनच्या हॉपरमध्ये, म्हणजे वरच्या भरणीच्या टाकीत, चढवतो. या चढवण्यातच दही बिघडतं. दही म्हणजे केसीन या प्रथिनाची जाळी आणि तिने धरून ठेवलेलं पाणी. जाळी जोरात घुसळली गेली की पहिल्यासारखी जुळत नाही. दही पातळ होतं, पाणी सुटतं. साधा सेंट्रिफ्युगल पंप मिनिटाला २९०० किंवा १४४० फेऱ्यांनी पंखा फिरवून द्रव भिरकावतो. पाण्याला ते चालतं, दह्याची वाट लागते.

म्हणून आम्हाला पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट जातीचा पंप हवा होता. त्यातला स्क्रू पंप घ्यायचं ठरलं. याच्या रबरी स्टेटरमध्ये, म्हणजे स्थिर नळीत, पिळाचा रोटर, म्हणजे दांडा, फिरतो. दोघांच्या मध्ये बंद कप्पे तयार होतात आणि भरलेले कप्पे तसेच पुढे सरकत जातात. रहाटगाडग्याचं प्रत्येक गाडगं आपल्या मापाचं पाणी वर आणतं, तसं दर फेरीला ठरलेलं माप पुढे जातं. द्रवाला कुणी फटकारत नाही. फक्त एक अट आहे: फेऱ्या कमी हव्यात. माप फेरीवर ठरत असल्यामुळे तेवढेच लिटर दोन तऱ्हेने मिळतात. मोठा पंप सावकाश फिरवा, नाहीतर छोटा पंप पळवा. छोटा पंप बराच स्वस्त पडतो, आणि दह्याला मारतो. आमची फसवणूक नेमकी इथेच झाली.

ऑर्डर आम्ही लेखी दिली होती. दह्यासाठी, फूड ग्रेड, नवा पंप, ताशी २००० लिटर, ३०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आत, दाब फार वाढला की आपोआप उघडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हसह. विक्रेत्याने कोटेशनमध्ये हे सगळं मान्य केलं. पंप बसवून त्याने पाण्यावर ट्रायल दिली. डिलिव्हरीचा पाइप पिंपात सोडला, घड्याळ लावलं, लिटर बरोबर भरले. “ताई, आता दह्याची काळजीच सोडा,” असं म्हणून उरलेले पैसे घेऊन तो गेला.

पहिल्याच बॅचचे पाउच आम्ही बाहेर न पाठवता रात्रभर कोल्डरूममध्ये ठेवले. सकाळी प्रत्येक पाउचमध्ये वर हिरवट पाणी. एक पाउच मलमलच्या कापडावर ओतला, तर कापडावर काळे कण राहिले. बोटाने चोळल्यावर रबरासारखे वळले. ती सगळी बॅच टाकून दिली.

एमआयडीसीतून ओळखीचे फिटर मामा आले. त्यांनी आधी बेल्टचं गार्ड काढलं. मोटर १४४० आरपीएमची, आणि दोन्ही पुल्या एकाच मापाच्या. म्हणजे पंपही तेवढ्याच वेगाने फिरत होता. मामांनी तिथेच हिशेब मांडला: १४४० फेऱ्यांना २००० लिटर, तर ३०० फेऱ्यांना जेमतेम चारशे. आम्ही मागितला होता त्याच्या एकपंचमांश मापाचा पंप आमच्या गळ्यात मारला होता. कागदावरचा लिटरचा आकडा मात्र अगदी खरा.

मग पंप खोलला. स्टेटरच्या तोंडाशी पांढऱ्या रबराची रिंग चिकटवलेली होती, आतलं रबर काळं आणि कडेला फाटलेलं. काळं रबर फूड ग्रेड नसतंच असं नाही, पण त्याचा दाखला लागतो, आणि तो आम्हाला दिलेलाच नव्हता. रोटर स्टेनलेस सांगितला होता. तो निघाला साध्या लोखंडावर क्रोम चढवलेला. क्रोमचे पोपडे निघालेले, खाली तांबूस गंज. नवी नेमप्लेट काढली तर खाली जुन्या रिव्हेटची बुजवलेली भोकं. आणि रोटरला फिरवणाऱ्या दांड्याशी जोडणाऱ्या पिन जॉइंटच्या खोबणीत राखाडी गाळ घट्ट बसलेला. बॉडीवरच्या ओतीव नंबरवरून मूळ उत्पादकाकडे चौकशी केली. हा पंप त्यांनी काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या सांडपाणी प्रकल्पाला विकला होता! लोकांच्या पोटात जाणारी वस्तू यातून न्यायची, हे माहीत असून त्या माणसाने तो आम्हाला दिला. पैशांपेक्षा याचा संताप जास्त आहे.

रिलीफ व्हॉल्व्हही नव्हता. अशा पंपाचा पुढचा व्हॉल्व्ह चुकून बंद राहिला तर पंप थांबत नाही, दाब वाढवतच राहतो. पाइप किंवा सील फुटून माणसाला इजा होते.

विक्रेत्याचं उत्तर होतं, “धंद्यासाठी घेतलाय, ग्राहक आयोगात तुमचं चालणार नाही.” हे अर्धंच खरं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी केलेली खरेदी धरली जाते. शिवाय मालविक्री अधिनियम १९३० चं कलम १६ आहे: वस्तू कशासाठी हवी हे सांगून, विक्रेत्याच्या माहितीवर भरवसा ठेवून घेतली असेल, तर ती त्या कामाला योग्य असायला हवी. ऑर्डरवर ‘दह्यासाठी’ हा शब्द होता, तो आता कामाला येतोय. तक्रार दाखल केली आहे. पंप न धुता, त्या गाळासकट ठेवला आहे.

पंप घेणार असाल तर कोटेशनवर लिटरच्या शेजारी आरपीएम लिहून घ्या आणि ट्रायलला टॅकोमीटर (फेऱ्या मोजायचं यंत्र) लावून मोजा. मोकळ्या पाइपावरची पाण्याची ट्रायल मान्य करू नका. रिलीफ व्हॉल्व्ह आणि प्रेशर गेज लावून, डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळून लिटर मोजा. चांगल्या पंपाचे लिटर थोडेच कमी होतात, झिजलेल्याचे एकदम पडतात. धातूचं मटेरियल सर्टिफिकेट आणि रबराचा फूड ग्रेड दाखला पंपाच्या नंबरसह मागा. लोहचुंबकावर जाऊ नका. स्वस्तातलं २०२ आणि चांगलं ३०४ ही दोन्ही स्टेनलेस त्याला जवळपास सारखीच वागतात.

आणि ज्यांनी असा स्वस्तातला ‘नवा’ स्क्रू पंप आधीच घेतला आहे, त्यांनी गार्ड काढून पुल्या बघा, पिन जॉइंट उघडून बघा. तोवर त्यातून खाण्याचा माल चालवू नका.